रिया घर सोडत का नाही? ‘बटरफ्लाइज’ ही ब्रिटिश मालिका नीट समजून घेऊ

घरात काही कमी नाही. नवऱ्याचा दवाखाना चांगला चालतो. तो दारूच्या आहारी गेलेला नाही, हात उगारत नाही, दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला नाही. दोन मुलगे मोठे झालेत. घरकामाला बाई येते. तरी या घरातली गृहिणी आतून उबगली आहे, आणि का उबगली आहे हे चारचौघांना पटेल असं तिला सांगता येत नाही. तिचं नाव रिया पार्किन्सन, आणि ‘बटरफ्लाइज’ ही तिची मालिका.

बीबीसी टू या वाहिनीवर ती १० नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाली आणि १९८३ मध्ये संपली. चार सीझन, अर्ध्या अर्ध्या तासाचे २८ भाग. लेखन लिव्हरपूलच्या कार्ला लेन यांचं, निर्मिती गॅरेथ ग्वेनलन यांची. रिया झाल्या वेंडी क्रेग, तिचा नवरा बेन झाले जेफ्री पामर. थोरला मुलगा रसेल म्हणजे अँड्र्यू हॉल आणि धाकटा ॲडम म्हणजे निकोलस लिंडहर्स्ट, जे पुढे १९८१ पासून ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधल्या रॉडनीच्या भूमिकेमुळे ब्रिटनभर घरोघरी माहीत झाले.

‘लग्न झालेल्या बाईच्या प्रेमप्रकरणाची विनोदी मालिका’ अशी हिची ओळख करून दिली जाते. ही ओळख डोक्यात ठेवून बघायला बसलात तर फसगत होईल, कारण तसं प्रकरण इथं होतच नाही. रियाला लेनर्ड डन नावाचा श्रीमंत उद्योजक भेटतो (भूमिका ब्रूस माँटेग्यू यांची) आणि तिच्या प्रेमात पडतो. दोघं बागेत भेटतात, बोलतात, कधी जेवायला जातात. मग रिया घरी येते आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागते. पुढच्या भागात फिरून तेच. गोष्ट अंथरुणापर्यंत जात नाही आणि घर मोडण्यापर्यंतही जात नाही. मग लोकांनी २८ भाग बघितलं तरी काय? याचं उत्तर सिटकॉम या प्रकाराच्या रचनेत आहे, आणि कार्ला लेन यांनी त्या रचनेचं जे केलं त्यात आहे.

सगळं जागच्या जागी

सिटकॉम म्हणजे ठरावीक माणसं, ठरावीक जागा आणि दर आठवड्याला नवा गोंधळ. त्याचा सगळ्यात कडक नियम असा की भाग संपताना सगळं होतं तिथं परत आलं पाहिजे. नोकरी गेली तर परत मिळते, भांडण झालं तर मिटतं, पाहुणा आला तर जातो.

या नियमामागे अगदी व्यवहारी कारणं होती. १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता. एखादा भाग चुकला तर तो पुन्हा कधी दाखवतील याची वाट बघण्याखेरीज इलाज नसे. त्यामुळे मधलाच भाग बघणाऱ्यालाही पहिल्या दोन मिनिटांत कोण कोणाचं काय लागतं हे कळावं लागे. दुसरं कारण सेटचं. स्वयंपाकघर, दिवाणखाना, जिना हे एकदा उभं केलं की सीझनभर तेच वापरायचं. तिसरं कारण विनोदाचंच. माणूस कसा वागणार हे आधी माहीत असेल तरच त्याच्या वागण्यावर लवकर हसू येतं. माणूस बदलला की विनोदाची बैठकच जाते.

बहुतेक सिटकॉम हा नियम लपवतात. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये बॅझिल फॉल्टी एका भागात अब्रूची पार लक्तरं करून घेतो, पुढच्या भागात हॉटेल चालू असतं आणि मागचा विषय कुणी काढत नाही. प्रेक्षकालाही ते चालतं. कार्ला लेन यांनी मात्र तो नियम थेट पात्राला भोगायला लावला. उद्याही आजचंच असणार, हे रियाला कळतं. तिची तक्रार नेमकी तीच आहे. मालिकेच्या प्रकाराची जी सक्ती, तेच नायिकेचं दुःख. आमच्या मते ‘बटरफ्लाइज’चं मोठेपण यात आहे, आणि ते दिसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

अर्थात हे लिहायला अवघड आहे. रिया घर सोडून गेली तर सिटकॉम तिथंच संपतो, कारण जागाच उरत नाही. ती लेनर्डबरोबर पूर्ण गुंतली तर परिणाम दाखवावे लागतात, वकील आणावे लागतात, मुलांचं काय ते सांगावं लागतं, आणि अर्ध्या तासात ते हसण्यावारी नेता येत नाही. आणि लेनर्डला बाजूला सारलं तर उरते आणखी एक वेंधळी गृहिणी, जी ब्रिटिश प्रेक्षकांनी तोवर पुष्कळ बघितली होती. या तिन्हींपैकी कुठंही न कलता २८ भाग काढायचे होते. लेन यांनी घर स्थिर ठेवलं आणि लेनर्डचा एकच धागा असा ठेवला ज्याला मागचं आठवतं. आधीच्या भेटीत काय बोलणं झालं, कुठं हात धरला गेला, कोण आधी उठलं, हे पुढच्या भेटीत जाणवत राहतं. घरातल्या प्रसंगांना मात्र स्मृती नाही. दोन्ही गोष्टी एकाच भागात शेजारी शेजारी ठेवल्या की तफावत न सांगता कळते.

जेवणाचं टेबल

रियाला स्वयंपाक येत नाही. ती मन लावून करते, पुस्तकात बघून करते, तरी करपतं, फुटतं, चिकटतं. हा विनोद जवळजवळ सगळ्या मालिकाभर चालतो आणि तो कसा बांधलाय ते बघण्यासारखं आहे.

टेबलाभोवती चौघं. पदार्थ येतो. आधी कुणी काही बोलत नाही, कारण मुलांनी आणि बेनने वर्षानुवर्षांत शिकून घेतलंय की बोलायचं नाही. मग काटा ताटात फिरतो, पण तोंडाकडे जात नाही. हशा इथंच सुरू होतो, संवादाच्या आधी. प्रेक्षकाला पदार्थाची चव कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे सगळी भिस्त चेहऱ्यांवर. पामर यांचा चेहरा यासाठीच होता असं वाटावं: ओठांचे कोपरे खाली, डोळे थकलेले, आवाज एका पट्टीत. ते विनोदाचं वाक्यही तक्रार नोंदवल्यासारखं, सपाट बोलतात. वाक्य सपाट आलं की हसण्याचं काम प्रेक्षकाकडे जातं आणि हशा मोठा येतो. नटाने स्वतःच हसवायचा आव आणला असता तर तो प्रसंग दोन भागांतच शिळा झाला असता.

आता याच्याखाली काय चाललंय ते पाहा. स्वयंपाक हे त्या घरातलं रियाचं नेमून दिलेलं काम. तेच तिला जमत नाही. जे जमत नाही त्यावरच तिची रोज परीक्षा होते, दिवसातून दोनदा, चारचौघांत. घरचे दुष्ट नाहीत, सोसून घेतात. पण सोसून घेणं म्हणजे आपलं मानणं नव्हे, आणि रियाला हा फरक कळतो. म्हणून त्याच टेबलावरून उठून ती बागेतल्या बाकावर जाऊन बसते तेव्हा ते पटतं. लेनर्ड तिच्याकडून जेवण मागत नाही. तो तिचं बोलणं ऐकतो, इतकंच. इतक्याचंच तिला अप्रूप आहे.

वेंडी क्रेग यांची निवडही इथं उपयोगी पडली. १९६७ पासून ‘नॉट इन फ्रंट ऑफ द चिल्ड्रन’ आणि पुढे ‘अँड मदर मेक्स थ्री’, ‘अँड मदर मेक्स फाइव्ह’ अशा मालिकांतून त्या प्रेमळ, जराशा गोंधळलेल्या आईच्या भूमिकेत दहा वर्षं लोकांपुढे होत्या. प्रेक्षकांनी त्यांना त्याच विश्वासानं घरात घेतलं, आणि या खेपेला त्या ओळखीच्या आईच्या तोंडून आपण चुकीचं आयुष्य जगतोय का, हा प्रश्न आला. अनोळखी नटी असती तर लोकांनी रियाला स्वार्थी ठरवायला वेळ लावला नसता.

घरात व्हिडिओ, बागेत फिल्म

मालिका बघताना एक गोष्ट खटकेल. घरातलं दृश्य चकचकीत, एकसारख्या उजेडातलं, हालचाल अगदी सलग. बाहेर पडलं की चित्र मऊ, जरा खरखरीत, रंग वेगळे. प्रत खराब आहे म्हणून असं दिसत नाही. त्या काळच्या बीबीसीत कामाची पद्धतच ती होती.

घरातले प्रसंग स्टुडिओत चार-पाच इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, व्हिडिओ टेपवर घ्यायचे. बाहेरचे प्रसंग आधीच जाऊन १६ मिलिमीटर फिल्मवर, बहुधा एका कॅमेऱ्यानं टिपायचे. ‘बटरफ्लाइज’चं बाहेरचं चित्रण मुख्यतः चेल्टनहॅममध्ये झालं. ब्रिटिश प्रक्षेपणात फिल्म सेकंदाला २५ चित्रांनी चाले, तर व्हिडिओ सेकंदाला ५० अर्धचित्रांनी. दुप्पट वेळा टिपल्यामुळे व्हिडिओतली हालचाल समोर घडत असल्यासारखी वाटते. फिल्ममधली हालचाल किंचित तुटक, म्हणून आठवणीतल्यासारखी, सिनेमासारखी.

आठवड्याचं वेळापत्रक साधारण असं: पहिल्या दिवशी सगळे बसून संहिता वाचणार, मग काही दिवस तालमी. तालमीच्या हॉलमध्ये सेट नसे. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून भिंती, दारं, जिना आखलेला असे, आणि नटांनी त्या आखणीत वावरायचं. मग स्टुडिओचा एक दिवस. सकाळपासून कॅमेऱ्यांसह तालीम, संध्याकाळी प्रेक्षक आत, आणि रात्री दहापर्यंत चित्रण उरकायचं. दहाची मर्यादा गंभीर होती, पुढे गेलं की खर्च वाढे. म्हणून एखादं वाक्य चुकलं तर पुन्हा घ्यायचं की चालवून घ्यायचं, हा निर्णय काही सेकंदांत होई.

हशा तिथल्या प्रेक्षकांचाच. आधी टिपलेली फिल्म त्यांना त्याच संध्याकाळी पडद्यांवर दाखवत आणि त्यांचं हसणं ध्वनिमुद्रित होई. यातली अडचण अशी की फिल्ममधला नट हशासाठी थांबलेला नसतो. तो कित्येक आठवड्यांपूर्वी, मोकळ्या बागेत बोलून गेलेला असतो. हशा मोठा आला तर पुढचं वाक्य त्यात बुडतं. त्यामुळे अनुभवी लेखक आणि दिग्दर्शक बाहेरच्या प्रसंगात विनोद विरळ ठेवत, दोन वाक्यांमध्ये चालणं, वळून बघणं, गाडीचं दार उघडणं अशी जागा सोडत.

हे सगळं तांत्रिक आहे खरं, पण या मालिकेत ते अर्थाच्या कामी आलंय. रियाचं घर म्हणजे लख्ख उजेड आणि लोकांचा हशा. लेनर्डच्या बऱ्याच भेटी म्हणजे मोकळी हवा, मऊ चित्र आणि विरळ हशा. तिच्या दोन आयुष्यांचा पोत खरोखरच वेगळा दिसतो. हे ठरवून केलं की नेहमीच्या पद्धतीतून आयतं मिळालं, याने फरक पडत नाही. लेन यांनी त्या शांततेत लांब संवाद लिहिले, आणि लोक हसायचे थांबले तरी त्या डगमगल्या नाहीत. त्या काळच्या सिटकॉममध्ये ही हिंमत दुर्मीळ होती.

बागेतल्या प्रसंगांत विनोदाचा भार बराचसा थॉमसवर असतो. थॉमस हा लेनर्डचा ड्रायव्हर, काम केलंय मायकेल रिपर यांनी. हॅमर कंपनीच्या भयपटांत सराईवाला, शिपाई अशा छोट्या भूमिकांतून हा चेहरा ब्रिटिश प्रेक्षकांना पाठ होता. मालकाची घालमेल तो गाडीपाशी उभा राहून बघतो. त्याच्या असण्यानं एक मोठं काम होतं: दोघं पूर्ण एकटी कधी पडत नाहीत.

ती कायद्यानं मोकळी होती

रियाला जाता येत नव्हतं म्हणून ती राहिली, असं मानलं तर मालिका चुकीची कळेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटाचा नवा कायदा १९६९ साली झाला आणि १ जानेवारी १९७१ पासून लागू झाला. संसार पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडलाय, हे एकच कारण त्यात ठेवलं. ते सिद्ध करायला पाच गोष्टींपैकी एक दाखवायची: जोडीदाराचा व्यभिचार, त्याच्यासोबत राहणं अशक्य व्हावं असं वागणं, दोन वर्षं टाकून जाणं, दोघांच्या संमतीनं दोन वर्षं वेगळं राहणं, किंवा संमती नसली तरी पाच वर्षं वेगळं राहणं. १९७० मध्ये तिथं सुमारे ५८ हजार घटस्फोट झाले होते. १९७२ मध्ये सुमारे १ लाख १९ हजार. म्हणजे रिया पडद्यावर आली तोवर घटस्फोट ही शेजारीपाजारी घडणारी गोष्ट झाली होती.

पण त्या पाच गोष्टी रियाच्या घराला लावून बघा. बेन व्यभिचारी नाही, टाकून गेलेला नाही. त्याचं वागणं असह्य म्हणावं तर तो करतो काय? रात्री उशिरा थकून येतो, पेपर वाचतो, देशाच्या आणि पोरांच्या नावाने कुरकुरतो. कुठलंही न्यायालय याला असह्य म्हणणार नाही, आणि रियाही म्हणत नाही. तिचं बेनवर प्रेम आहे. तिच्या दुःखाला अर्जात रकानाच नाही.

कायदे आणखीही झाले होते. समान वेतनाचा कायदा आणि लिंगभेदाविरुद्धचा कायदा, दोन्ही १९७५ च्या अखेरीस अमलात आले. पण दोन्ही नोकरी करणाऱ्या बाईला आधी उपयोगी पडणारे. घरात बसलेल्या बाईच्या कामाकडे अभ्यास म्हणून बघायला नुकती कुठं सुरुवात झाली होती. समाजशास्त्रज्ञ ॲन ओक्ली यांनी लंडनमधल्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेऊन १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात या बायका आठवड्याला सरासरी ७७ तास घरकाम करत होत्या आणि ४० पैकी २८ जणी त्या कामाबद्दल असमाधानी होत्या. कामाचा एकसुरीपणा आणि एकटेपणा या मोठ्या तक्रारी. रियाकडे तर कामाला बाई येते, रूबी नावाची. म्हणजे ७७ तासांचं ओझंही तिच्याकडून काढून घेतलंय. उरला तो नुसता एकसुरीपणा. ‘कष्ट जास्त पडतात म्हणून वैतागलीय’ हे सोपं स्पष्टीकरण लेन यांनी पहिल्यापासूनच बाद करून टाकलं, आणि हे फार जाणीवपूर्वक केलेलं दिसतं.

बेनची टाचणी

बेन दातांचा डॉक्टर आहे आणि फुलपाखरं जमवतो. मालिकेचं नाव तिथून आलंय, पण हा छंद प्रत्यक्षात कसा चालतो हे माहीत असेल तर ते जास्त भिडतं.

पकडलेलं फुलपाखरू बंद बरणीत रसायनाच्या वाफेनं मारतात. वाळून कडक झालं असेल तर ओलसर डब्यात एक-दोन दिवस ठेवून मऊ करतात. मग छातीच्या मधोमध बारीक टाचणी उभी घालायची आणि मधोमध खाच असलेल्या मऊ फळीवर ते बसवायचं, शरीर खाचेत, पंख दोन्ही बाजूंना. पुढच्या पंखांची मागची कड शरीराशी काटकोनात येईपर्यंत पंख सुईनं हळू पुढे सरकवायचे, वरून कागदाच्या पट्ट्या लावून दाबून ठेवायचे. ब्रिटनच्या दमट हवेत दोन-तीन आठवडे तसंच. घाई करून आधी काढलं तर पंख खाली लोंबतात. बोटांनी धरलं तर पंखांवरचे खवले निघतात आणि रंग जातो. शेवटी जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि किडे लागू नयेत म्हणून पेटीत डांबराच्या गोळ्या.

बेन क्रूर नाही, हे पुन्हा सांगायला हवं. हा संथ, चिकाटीचा, प्रेमानं करायचा छंद आहे, आणि बेनला त्याच्या फुलपाखरांचं मनापासून कौतुक आहे. अडचण एवढीच की त्याला आवडणारी गोष्ट स्थिर असावी लागते. हे लिहिणाऱ्या कार्ला लेन आयुष्यभर प्राण्यांच्या हक्कांसाठी लढल्या. त्यांनी जखमी, टाकून दिलेल्या प्राण्यांसाठी आश्रयस्थान चालवलं, आणि १९८९ साली मिळालेला ओबीई हा किताब प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या निषेधार्थ २००२ मध्ये परत केला. अशा लेखिकेनं नवऱ्याच्या हातात टाचणी द्यावी आणि तरीही त्याला खलनायक करू नये, हा संयम मोठा आहे. बेनही बाहेर पडता न येणाऱ्या दिवसातच अडकलाय, हे त्या विसरत नाहीत.

बघायची तर

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांची सवय असेल तर २८ भाग किरकोळ वाटतील. पाच वर्षांत एवढेच, कारण बीबीसीत तेव्हा एकच लेखक आणि छोटे सीझन ही पद्धत होती. अमेरिकेत १९७९ मध्ये या मालिकेवरून एक प्रायोगिक भाग झाला, पण मालिका उभी राहिली नाही. तिकडे वर्षाला वीस-बावीस भाग लागत. ‘काहीच घडत नाही’ ही गोष्ट त्या वेगानं लिहिणं जवळपास अशक्य आहे.

पहिल्या सीझनपासून क्रमानं बघा. घरातले प्रसंग कुठूनही कळतील, लेनर्डचा धागा कळणार नाही. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. सलग सहा बघितले तर करपलेल्या जेवणाचा विनोद थकवतो, कारण तो आठवडाभराच्या अंतरानं बघण्यासाठी लिहिलाय. मुलांचे संवाद, मुलींविषयीची त्यांची भाषा, हे आज काही ठिकाणी जुनाट वाटेल. ते तसंच आहे, सोडून देऊ नका, कारण पोरांना जी मोकळीक आहे ती आईला नाही हे त्यातूनच दिसतं.

शीर्षकगीत डॉली पार्टन यांचं १९७४ मधलं आहे, पण आवाज क्लेअर टॉरी यांचा. पिंक फ्लॉइडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्दांवाचून गायल्या त्या ह्याच. नोव्हेंबर २००० मध्ये ‘चिल्ड्रन इन नीड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ही मंडळी एका छोट्या प्रसंगापुरती पुन्हा एकत्र आली होती. तो प्रसंग आधी बघू नका, मालिका झाल्यावर बघा.